दोन जागा, चार वाजेपर्यंत

—बसा हो साहेब, उभे कशाला राहता, चार नंबरला चादर घालायची राहिलीय एवढंच. ही आत इस्त्री करतेय, ऐकू येतंय ना, धप, धप, ती आमची इस्त्री, पडद्याच्या मागे— ती झाली की वर जाईल, चादर घालून खाली येईल, मग खोली तुमची. दहा मिनिटं फार तर. तर मी काय म्हणत होतो— तुम्ही त्या बेटावर जाऊन आलात म्हणालात मघाशी. कंपनीनं नेलं होतं. बघा, पंप विकणाऱ्यांना कंपनी बेटावर नेते, लॉज चालवणाऱ्यांना कोण नेतं? कुणी नाही. ज्याचं त्यानं जायचं. म्हणून म्हटलं तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला विचारावं. ही तीन पत्रकं. तीन हॉटेलं, तिन्ही समुद्राकाठची. यातलं कुठलं, तेवढं सांगा. चार वाजता प्रवास कंपनीच्या बाईंचा फोन यायचाय. दोन जागा धरून ठेवल्यात त्यांनी, चार वाजेपर्यंत. चारला हॉटेलचं नाव सांगितलं तर जागा आमच्या, नाही सांगितलं तर दुसऱ्या कुणाच्या. आत्ता किती झाले? तीन पंचवीस. मग आहे की वेळ.

पहिल्यांदाच हो. सव्वीस वर्षं हे लॉज चालवतोय, अठरा खोल्या, आणि आम्ही दोघं एक दिवससुद्धा दुसऱ्याच्या हॉटेलात राहिलेलो नाही. बेट तर सोडाच. हिला विचारलं, तुला कसलं हॉटेल हवं? म्हणाली, कुठलंही चालेल. आता बायकांचं ‘कुठलंही चालेल’ म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्या घरीही असेलच— पण नाही, हिचं खरंच तसं आहे. म्हणते, अहो, समुद्र नसला तरी चालेल. मला फक्त एकदा मी न घातलेल्या गादीवर झोपायचंय. बास. एवढीच मागणी. म्हटलं, एवढंच असेल तर कोपऱ्यावरच्या त्या नव्या लॉजात जाऊन झोप की दोन दिवस! चेष्टेत म्हटलं हो. दोन दिवस बोलली नाही. बोलली नाही म्हणजे माझ्याशी. गिऱ्हाइकांशी बोलत होती.

आता मुद्द्यावर येऊ. हे पहिलं बघा, निळं पत्रक. पाण्यात खांब रोवून त्यावर झोपड्या. फोटो काय सुंदर आहे, नाही? सुंदर असणारच. आम्ही नाही का, आमच्या पत्रकात कारंज्याचा फोटो टाकलाय? तुम्ही इथं किती वेळा आलात— सात? आठ? कधी कारंजं दिसलं? ते नगरपालिकेच्या बागेतलं आहे. खाली बारीक अक्षरात ‘परिसर’ असं लिहिलंय, म्हणजे कुणाला बोलता येत नाही. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, साहेब. तर या फोटोत बघा, खिडकीतून पाणी दिसतंय, दारातून पाणी दिसतंय, आणि पलंगाच्या खाली काचेतूनसुद्धा पाणी. चहूकडून पाणी. म्हणजे चहूकडून ओल. मी पाहता क्षणी सांगतो, त्या गादीला वास येत असणार. आणि पलंगावर हा टॉवेलचा हंस. मी एक नियम सांगतो तुम्हाला, लिहून ठेवा— जिथं टॉवेलचा हंस करतात तिथं अंग पुसायला टॉवेल मिळत नाही. हंस मोडायचा कसा म्हणून गिऱ्हाईक तो तसाच ठेवतं, आणि तीन दिवस एकच टॉवेल पुरतो. हुशार लोक आहेत. पण मी फसणाऱ्यातला नाही. निळं बाद.

काय म्हणालात? तुम्ही तिथंच राहिला होतात? ओल नव्हती? कोरडं होतं म्हणता. हं. कंपनीच्या माणसांना कोरडी खोली देत असतील. आम्हीसुद्धा देतो. तुम्हाला चार नंबर का देतो मी नेहमी? सात नंबरच्या भिंतीतून पाणी येतं.

हे दुसरं. सात मजली. ‘समुद्रापासून पाच मिनिटांवर.’ कुणाच्या पायानं? हे विचारायला हवं. आपल्या पाटीवर काय लिहिलंय— ‘बस स्टँडपासून दोन मिनिटं.’ ती दोन मिनिटं मी स्वतः घड्याळ लावून मोजली आहेत. खोटं नाही बोललो. पळत आलो होतो, उताराच्या बाजूनं, हातात काही न घेता. पंचविशीत होतो तेव्हा. म्हणजे त्यांची पाच मिनिटं म्हणजे ही आणि मी, गुडघे धरून, वीस धरा. पुढं ‘चोवीस तास गरम पाणी’— चोवीस तासांत केव्हा तरी गरम पाणी येतं, असा त्याचा अर्थ. ‘शांत परिसर’ म्हणजे जवळपास काही मिळत नाही. आणि लोकांचे अभिप्राय वाचा खाली. ‘कर्मचारी अतिशय प्रेमळ.’ संपलं. खोली चांगली असती तर खोलीबद्दल लिहिलं असतं की नाही? माणसं प्रेमळ आहेत असं लिहायची वेळ कधी येते? बाकी सगळं बोंबललेलं असतं तेव्हा. आपल्याकडंही लिहितात, ‘मालकीणबाई फार प्रेमळ.’

मी तिथं फोनसुद्धा केला. हो, सरळ फोन! म्हटलं, बाई, गाद्या कुठून घेता, कापसाच्या की फोमच्या, किती वर्षांनी बदलता, पाण्याची टाकी कुठल्या खोलीच्या डोक्यावर येते, लिफ्ट कुठल्या भिंतीला लागून आहे, जनरेटर कुठल्या बाजूला, स्वयंपाकघराचा धूर कुठं जातो. अकरा प्रश्न काढले होते कागदावर. बाईनं पाच ऐकून घेतले आणि म्हणाली, साहेब, तुमचंही हॉटेल आहे का? मी फोनच ठेवला. चोरी पकडल्यासारखं झालं. काय चोरी केली होती सांगा मी? पण झालं खरं तसं.

धप धप चाललंय अजून. जड आहे हो ती इस्त्री, जुनी आहे. नवी हलकी आणतो म्हटलं तर ही नको म्हणते, या हाताला त्याच वजनाची सवय आहे म्हणते. मनगट सुजतं मग. ब्लीचिंगनं हात तर असे झालेत— ते जाऊ द्या. चादर मात्र पांढरीशुभ्र. लोक नुसत्या चादरींसाठी परत येतात, तुम्हीच सांगा, खोटं आहे का?

आता तिसरं. हे पिवळं. बारा खोल्यांचं, छोटंसं, नवराबायको चालवतात म्हणे. हा त्यांचा फोटो. बघा नीट. बायको व्हरांड्यात खुर्चीवर बसलीय, हातात चहाचा कप, आणि मागं नवरा— नवऱ्याच्या हातात चादरींची चळत. हसतोय वर. हे फोटोपुरतं असतं, साहेब! फोटोवाला म्हणाला असेल, साहेब, तुम्ही धरा चादरी, बाईंना बसू दे, छान दिसेल. क्लिक झालं की चादरी परत बाईच्या हातात. मला कुणी शिकवू नये. पण आमची ही हा फोटो काल जेवण झाल्यावर बघत बसली होती. भांडी तशीच. मी म्हटलं, काय बघतेस एवढं? तर म्हणाली, चादरींच्या घड्या चांगल्या आहेत. घड्या बघत होती म्हणे. असेल. कामातल्या माणसाचं लक्ष कामावरच जायचं. पण हे हॉटेल मला पटत नाही. कारण सांगू? जनरेटर मागच्या बाजूला आहे, मागच्या चार खोल्यांना घरघर ऐकू येणार. आणि दुसरं म्हणजे, नवराबायकोचं हॉटेल, ही तिथं जाऊन गप्प बसणार का? त्या बाईबरोबर चादरींच्या घड्या घालत बसेल. मग कसली सुट्टी.

तर झालं असं, की निळं ओलं, सात मजली खोटं, आणि पिवळ्याला जनरेटर. उरलं काय? काही नाही. म्हणजे बाईंना सांगावं लागणार, पुढच्या वर्षी बघू. दुसरं काय करणार, घाईघाईत काहीतरी ठरवून पस्तावण्यापेक्षा— सकाळी ही मला म्हणाली, चार वाजता तुम्ही नाव सांगितलं नाहीत, तर मी सांगेन. मी हसलो. ती कसली सांगतेय! फोन वाजला तर मलाच हाक मारते, ‘अहो, वाजतोय.’ सव्वीस वर्षांत गल्ल्यावरचा हा फोन तिनं उचललेला नाही. हा माझा विभाग, वरच्या खोल्या तिचा. कामं वाटलेली असली की संसारात भांडण होत नाही.

लॉजचं काय, म्हणता? नाही, तो प्रश्न नाही. लेक येणार आहे आठ दिवस, रजा टाकलीय तिनं. फोनवर मला म्हणाली, बाबा, या वेळी सबब नको. सबब! बापाशी बोलायची ही तऱ्हा. गेल्या वर्षीचं धरून बसलीय ती. गेल्या वर्षी ठरलं होतं ना आमचं. सगळं ठरलं होतं, हॉटेल, जागा, सगळं. बॅग दाराशी येऊन बसली होती. आणि नेमकं वादळ आलं.

जरा पुढं या. पुढं या म्हणतोय, ओरडून सांगण्यासारखं नाही. तुम्ही बाहेरगावचे, तीन महिन्यांतून एकदा येणार, तुम्हाला सांगायला हरकत नाही. वादळ आलं नव्हतं. कसलं वादळ! तिथं आठवडाभर ऊन होतं. झालं काय, की आदल्या दिवशी एका कंपनीचा फोन आला, अठरा माणसं, सहा दिवस, अख्खं लॉज. आता तुम्ही धंद्यातले, तुम्ही सांगा, लक्ष्मी दाराशी आली आणि मी म्हणू, नाही बुवा, आम्ही पोहायला चाललोय? हो म्हणून बसलो. मग हिला काय सांगायचं? बॅग दाराशी. तोंडातून निघालं— वादळ आलंय तिकडं, बोटी बंद, सगळं बंद. बातम्या बघायला तिला वेळ कुठं असतो. तिनं बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. आणि त्या सहा दिवसांत अठरा गाद्या दोनदा घातल्या, दोनदा काढल्या, आणि वर मला म्हणते, आपलं बरं आहे हो, डोक्यावर छप्पर तरी आहे, तिथल्या लोकांचे काय हाल असतील.

झाली वाटतं इस्त्री. थांबला आवाज. आता वर जाईल.

हसू नका, पुढं ऐका. एवढ्यावर थांबली असती तर ठीक. नाही! तिनं कपाटातल्या सहा चादरी काढल्या, चांगल्यातल्या चांगल्या, निळ्या काठाच्या, गठ्ठा बांधला आणि म्हणाली, शाळेत मदत गोळा करतात तिथं देऊन या, वादळातल्या माणसांना होतील. आता मी गठ्ठा घेऊन शाळेत जाऊन काय सांगू? कुठलं वादळ म्हणून विचारलं असतं त्यांनी! दोन चौक फिरलो गठ्ठा घेऊन, मग मागच्या दारानं येऊन वरच्या टाकीजवळ ठेवून दिला. तीन महिने गेले, चादरी कमी पडायला लागल्या, मग एकेक करून खाली आणल्या. नव्या घेतल्या म्हणून सांगितलं. एकीच्या कोपऱ्याला तिनंच केलेलं रफू होतं, ते मी विसरलो. ते बघून म्हणाली, अहो, हे रफू माझ्यासारखंच आहे. म्हटलं, सगळ्या बायका सारखंच रफू करतात. बघत राहिली जरा वेळ. मग धुवायला टाकली. आज तुम्हाला तीच घालतेय बहुतेक.

तुम्ही तिकडं काय बघताय? पडदा आहे तो, वाऱ्यानं हलतो. इकडं बघा, माझ्याकडं. तुम्हाला वाटत असेल, हा माणूस नुसता धंद्याच्या मागे आहे. तसं नाही हो. गेल्या वर्षी तसं होतं, कबूल. पण या वर्षी लेक येतेय, गिऱ्हाईक जात नाही कुठं, मग मी का अडून बसलोय? मीच स्वतःला विचारलं परवा दाढी करताना. मला भीती वाटते, साहेब. खरंच भीती वाटते. तिथं ही जाणार. कुणीतरी दार उघडणार, या बाई म्हणणार, पाणी देणार. खोलीत गादी घातलेली, चादर ताणलेली, आणि ती नुसती आडवी होणार. आणि समजा तिला आवडलं? समजा सकाळी नऊपर्यंत उठलीच नाही? सव्वीस वर्षं पाचला उठणारी बाई नऊपर्यंत झोपली, आणि मग डोळे उघडून तिनं मला विचारलं, हे असं असतं का हो? मग मी इतकी वर्षं काय करत होते? काय सांगणार मी? पत्रकातल्यासारखं बारीक अक्षरात तर सांगता येत नाही ना. मग मी आपला ओल शोधतो, टाकी शोधतो, जनरेटर शोधतो. शोधलं की सापडतंच. कुठल्याही हॉटेलात सापडतं.

बोलता बोलता चार वाजत आले बघा. घसा कोरडा पडला माझा. तुम्ही तरी काही बोला, मघापासून नुसतं माझ्या मागे बघताय. बरं, तुमच्या मनासारखं करू का? निळंच सांगून टाकू? तुम्ही म्हणता कोरडं होतं. सांगून टाकतो. होऊन जाऊ दे एकदा. नऊपर्यंत झोपली तर झोपू दे. मीसुद्धा झोपेन. काय? मग घ्या— वाजला! वेळेची पक्की आहे बाई. जरा वाजू द्या, पहिल्याला उचलला की समोरच्याला आपण गरजू वाटतो, तिसऱ्या-चौथ्याला— अगं! तू कधी आलीस? वर नाही गेलीस? किती वेळ उभी आहेस इथं? साहेब, तुम्ही बोलला नाहीत मला काही— अगं, राहू दे, मी घेतो, तुला नाही कळायचं त्यातलं, अगं—

घेतला तिनं. ‘हो, मालकीणबाई बोलतेय.’ ऐकलंत? स्वतःला मालकीणबाई म्हणाली. कधी म्हणाली नव्हती. श्श, ऐकू द्या. पिवळं सांगितलं. पत्रकाकडं बघितलंसुद्धा नाही. अगं, त्याला जनरेटर मागच्या बाजूला— बरं. बरं बाई, नाही बोलत. पिवळं तर पिवळं, चांगलंच आहे ते, पुढच्या बाजूची खोली माग म्हणजे झालं. साहेब, मी तेच म्हणत होतो ना, छोटं हॉटेल बरं असतं, आपुलकी असते— काय म्हणाली? आत्ता काय म्हणाली ती? मला नीट आलं नाही ऐकू. तुम्ही जवळ आहात, तुम्हाला आलं असेल. ‘एकच जागा ठेवा, दुसरी द्या कुणाला.’ असंच म्हणाली ना? नाही, माझ्या कानांनाही तसंच आलं. म्हटलं, आपली चूक होत असेल.

अगं, ऐक तरी. साहेबांसमोर काय हे. मी निळं सांगणार होतो, विचार त्यांना, आत्ता या मिनिटाला सांगणार होतो, शप्पथ. अगं, वादळाचं ते— ते मी चेष्टेत— गेली आत. बॅग ओढतेय, ऐकू येतंय? पलंगाखाली असते. भरलेली आहे ती. गेल्या वर्षीपासून रिकामीच केली नाही तिनं, मी म्हणायचो, रिकामी कर, जागा अडते.

उठा साहेब तुम्ही. ही चावी घ्या. वर नुसती गादी आहे, चादर आत मेजावर अर्धी राहिलीय आणि ती मागायला मी आता आत जात नाही. जिन्याखाली कपाट आहे, उघडंच असतं, त्यातली घ्या कुठलीही. तुमची तुम्ही घाला. नाही, मी नाही येत वर. येऊन काय करू? मला नाही येत चादर घालायला. नाही येत हो, कधी घातलीच नाही, सव्वीस वर्षांत एकदासुद्धा. आता जा.